पीएस२चं (सोनीच्या प्लेस्टेशन २ गेम मशीनचं) मेमरी कार्ड कधी दिसतंय, कधी गायब. फॉरमॅट करू का म्हणून विचारायलंय, काय करू?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. दादाचं जुनं जाडं पीएस२ आमच्याकडं गावाकडंच आहे, सोबत सोनीचं ८ एमबीचं काळं कार्ड. त्यात दादाची सॅन अँड्रियाज गेमची शंभर टक्के पूर्ण झालेली सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) आहे. ग्रोव्ह स्ट्रीटवर रणगाडा अन् हायड्रा विमान उभं असतं ना, ती. शिवाय आम्ही दोघं बहीणभाऊ खेळायचो त्या क्रिकेट ०७च्या सेव्ह. दादा पुण्याला नोकरीला असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकराला घेऊन यायलाय, अन् त्याला हे सगळं दाखवायचं त्याच्या लई मनात आहे.

अडचण अशी की पहिल्या स्लॉटमध्ये कार्ड कधी दिसतंय, कधी दिसत नाही. काल तर गेमनंच विचारलं, कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, करायचं का? मी 'नाही' दाबून मशीन बंद केलं. बाजारात एकानं ६४ एमबीचं नवं कार्ड दाखवलं, सगळं त्यात टाका म्हणतोय. घ्यावं का?

अजून एक. सॅन अँड्रियाजची जुनी डीव्हीडी ओरखडे पडून अडकायलीय म्हणून दुसरी आणली, तर कार्ड दिसत असतानासुद्धा तिला सेव्ह सापडत नाहीत. म्हणजे सेव्ह उडाल्या का?

गोलाईवाला (लातूर)

ताई, 'नाही' दाबलंत ते फार चांगलं केलंत. इथून पुढं कितीदाही विचारलं तरी 'नाही'च दाबा.

गंजगोलाईच्या मागं माझं गेमचं दुकान होतं. पोरं आपापली कार्डं खिशात घेऊन यायची, कार्डावर नेलपॉलिशनं खूण केलेली असायची. तुमच्यासारखी तक्रार मी लई बघितलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

कन्सोल (म्हणजे मशीन) 'फॉरमॅट केलेलं नाही' म्हणतं म्हणजे कार्ड रिकामं झालं असं नाही. पीएस२च्या कार्डाच्या अगदी सुरुवातीच्या पानावर 'सोनी पीएस२ मेमरी कार्ड फॉरमॅट' अशी इंग्रजी अक्षरं लिहिलेली असतात. कन्सोल आधी ती वाचतं. कार्डाच्या पट्ट्यांवर धूळ असली, त्या काळ्या पडल्या असल्या, की ती अक्षरं नीट वाचता येत नाहीत, अन् कार्ड कोरं आहे असं कन्सोल समजतं. आतला माल बहुतेक वेळा जागेवरच असतो. तुम्ही 'हो' म्हणालात की ते पान नव्यानं लिहिलं जातं अन् कुठली फाईल कुठं आहे त्याचा तक्ता पुसला जातो. मग परत मिळवणं फार अवघड.

आधी साफसफाई. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं बघून घ्या. मशीनची वायर भिंतीतून काढा. कानात घालायच्या काडीचा कापूस आयपीएत नुसता ओलसर करा अन् कार्डाच्या तोंडाशी आत ज्या चपट्या पट्ट्या दिसतात त्यावर लांबीच्या दिशेनं फिरवा. काडी काळी निघंल. ती टाका, नवी घ्या, पांढरी निघेपर्यंत चालू द्या. कन्सोलच्या स्लॉटमधल्या पिना नाजूक असतात, वाकल्या तर दुखणं वाढतं, तिथं काडी रेटू नका. ब्लोअरची हवा मारा, अन् वाळलेलं स्वच्छ कार्ड सावकाश चार-सहा वेळा आतबाहेर करा. मग दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. पहिल्या स्लॉटची झीज जास्त असते, कारण सगळे तिथंच लावतात.

डिस्क न घालता मशीन चालू करून ब्राउझरमध्ये (कार्डावरच्या सेव्ह दाखवणाऱ्या मशीनच्याच मेनूत) जा. कार्ड उघडून गोल फिरणारी चित्रं दिसली की समजा कार्ड जिवंत आहे. पण मग गेम लावून खेळत बसू नका. त्या कार्डावर आता काहीच लिहायचं नाही, फक्त वाचून घ्यायचं.

६४ एमबीचं ते कार्ड घेऊ नका. बिननावाच्या मोठ्या कार्डांनी माझ्या गिऱ्हाइकांच्या सेव्ह खाल्ल्यात, मी डोळ्यांनी बघितलंय. सोनीनं स्वतः ८ एमबीचंच विकलं, अन् तेवढं पुष्कळ होतं. पीएस२चं उत्पादन २०१३ला थांबलं, म्हणजे जे खरं कार्ड मिळंल ते जुनंच असणार. तरी तेच शोधा, पण त्याच्यावरच सगळा भरवसा टाकू नका. सेव्ह पेनड्राइव्हवर काढायच्या.

त्यासाठी फ्री मॅकबूट (पीएस२वर बाहेरचे छोटे प्रोग्राम चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं वेगळं कार्ड लागतं. ते दादाच्या कार्डावर अजिबात टाकू देऊ नका. फ्री मॅकबूट ज्या कार्डावर बसवलं त्याच्याशीच बांधलेलं असतं, फायली नुसत्या कॉपी करून दुसऱ्या कार्डावर चालत नाही, म्हणून बसवून दिलेलंच घ्या. ९०००० मालिकेतल्या शेवटच्या स्लिम मशीनवर ते चालत नाही, तुमच्या जाड्या मशीनला अडचण नाही. पेनड्राइव्ह छोटा, फॅट ३२मध्ये फॉरमॅट केलेला घ्या. यूलाँचएल्फ (फायली बघायचा अन् कॉपी करायचा प्रोग्राम) उघडा. पहिल्या स्लॉटचं कार्ड एमसी० अन् दुसऱ्याचं एमसी१ म्हणून दिसतं, पेनड्राइव्ह मास म्हणून. सेव्हचा फोल्डर निवडून कंट्रोलरवरचं आर१ बटण दाबा, कॉपी. मग मासमध्ये जाऊन परत आर१ अन् 'पीएसयू पेस्ट'. अख्ख्या फोल्डरची एक पीएसयू फाईल होते. सॅन अँड्रियाज आधी काढा, बाकीचं नंतर. कार्ड मधेच दगा दिलं तरी मोठी गोष्ट हाताशी राहील.

अन् हे करताना लाईटीचा भरवसा धरू नका. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्याकडं सगळ्यात जास्त सेव्ह अशाच गेल्या, लिहिणं चालू असताना लाईट जायची अन् तक्ता अर्धवट राहायचा. मशीन अन् टीव्ही इन्व्हर्टरवर घ्या.

नांदेडी_खेळाडू

गोलाईवाल्या भाऊंनी बाकी सगळं सांगितलंय, मी फक्त दुसऱ्या डीव्हीडीचं सांगतो. सेव्ह उडालेल्या नाहीत. सेव्हच्या फोल्डरच्या नावात डिस्कचा नंबर असतो. युरोपियन डिस्कचा नंबर एसएलईएसनं सुरू होतो, अमेरिकनचा एसएलयूएसनं. गेम तोच असला तरी अमेरिकन डिस्क युरोपियन फोल्डरकडं बघतसुद्धा नाही. आपल्याकडं त्या काळी दोन्ही प्रकारच्या फिरायच्या. जुन्या डीव्हीडीवरचा नंबर वाचा अन् त्याच नंबरची शोधा. फोल्डरचं नाव बदलून बघायच्या फंदात पडू नका.

पीएसयू फाईल हातात आली की कॉम्प्युटरवरही पडताळता येते. मायएमसी नावाचा छोटा प्रोग्राम आहे, त्यानं पीसीएसएक्स२ एम्युलेटरच्या (कॉम्प्युटरवर पीएस२चे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आभासी कार्डात ती टाकायची अन् गेम लोड करून बघायचा. नुसती फाईल कॉपी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, लोड होते का ते बघाच.

सेलूचा_पोट्टा

मधेच विचारतो, माझ्याकडं पीएस१चं करड्या रंगाचं कार्ड आहे, १५ ब्लॉकचं. पीएस२च्या कार्डावर त्याच्या सेव्ह टाकून पीएस१चे गेम चालतील का?

गोलाईवाला (लातूर)

ठेवता येतील, खेळता येणार नाहीत. ब्राउझरमधून पीएस१च्या सेव्ह पीएस२च्या कार्डावर कॉपी होतात, पण पीएस१चा गेम फक्त पीएस१च्या कार्डातूनच वाचतो. खेळताना परत त्यावर टाकाव्या लागतील. ते कार्ड जेमतेम १२८ केबीचं असतं, पण जपून ठेवा, टाकून देऊ नका.

पूर्णाकाठ (परभणी)

काका, तुमचे उपकार कसे फेडू. दोन काड्या अगदी कोळशासारख्या निघाल्या! पहिल्या स्लॉटमध्ये अजून दिसत नाही, दुसऱ्यात मात्र लगेच आलं. नांदेडहून मॅकबूटचं कार्ड मागवून पहिल्यात लावलं अन् सॅन अँड्रियाजची पीएसयू पेनड्राइव्हवर घेतली. भावजींच्या लॅपटॉपवर लोड करून बघितली, रणगाडा जागेवर आहे. दादाला अजून सांगितलं नाही.

पण क्रिकेटच्या दोनपैकी एक सेव्ह ब्राउझरमध्ये 'करप्टेड डेटा' दाखवायलीय, अन् कॉपी करताना मधेच थांबते. ती डिलीट करून बाकीचं वाचवू का?

गोलाईवाला (लातूर)

डिलीट करू नका. डिलीट करणं म्हणजे कार्डावर लिहिणंच, अन् आपण लिहायचं नाही असं ठरवलंय. बाकीच्या सगळ्या सेव्ह आधी काढून घ्या. मग मशीन थंड होऊ द्या अन् त्या एका फोल्डरला परत प्रयत्न करा. आत जाऊन एकेक फाईल कॉपी करून बघा, कुठली अडकते ते कळंल. अडकणारी फाईल नुसत्या चित्राची असली तर खेळ वाचला असं समजा. मुख्य फाईलच अडकत असंल तर दुसऱ्या कन्सोलवर बघावं लागंल. स्लॉटच्या पिनांत फरक असतो, एकावर न वाचलेलं दुसऱ्यावर वाचलेलं मी बघितलंय.

माझ्याकडं दोन चालू मशीन आहेत. दादा आले की घेऊन या लातूरला, बसून बघू. कार्ड डबीत घालून पिशवीत ठेवा, भर उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका.