अंतराचा मुद्दा राहिलाच

कार रेसिंगमधला हौशी ड्रायव्हर पैशापायी दोन-तीन हंगामांत थांबतो, असं म्हणतात ते खरंच. पण अंतराचं काय? शर्यतीचे कायमचे मोठे ट्रॅक म्हणजे मुख्यतः कोइमतूरचा करी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध. पुण्याहून तिन्ही हजार किलोमीटरच्या पुढे! मित्राच्या गाडीचे टायर सांभाळायला मी करीला जायचो. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी थांबवायच्या जागेत, आली की टायर गरम असतानाच हवा मोजायची, खडूने टायरवर आकडा लिहायचा. तिथल्या पोरांना ट्रॅकचं प्रत्येक वळण पाठ; आमचा गडी आदल्या दिवशी पहिल्यांदा ट्रॅक बघणार.

आपल्याकडची गुणी मुलं रॅलीकडे, म्हणजे ट्रॅकऐवजी साध्या किंवा कच्च्या रस्त्यांवर वेळ लावून होणाऱ्या शर्यतीकडे, वळतात ती यामुळेच, असं मला वाटतं. सरावाला निदान कच्चा रस्ता तरी जवळ मिळतो. पुण्याचे संजय टकले रॅलीतूनच डकार या वाळवंटातल्या नामांकित शर्यतीपर्यंत पोचले.