फिश रूम म्हणजे चैन? आधी पाण्याचा हिशेब मांडा

संपवाला:
"मोठ्या रीफ टँकला वेगळी फिश रूम म्हणजे निव्वळ चैन. सगळं टँकखालच्या कॅबिनेटमध्ये बसतं, वाचलेला खर्च लाइटवर करा." परवा एकाने हे लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे लांबलचक. (नवख्यांसाठी: रीफ टँक म्हणजे कोरल नि मासे ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, फिश रूम म्हणजे त्याची पिंपं, पंप नि यंत्रं ठेवायची खोली.)

टँक धरा २४० × ९० × ७५ सेंमी. काठोकाठ १६२० लिटर, संप (टँकचं पाणी उतरतं नि पंपाने परत वर जातं ती खालची टाकी) धरून चालतं पाणी १८०० च्या आसपास. १० टक्के पाणी बदलायचं म्हणजे १८० लिटर आणि साडेसहा किलो मीठ. ते कालवणार कुठे, बाथरूममध्ये बादल्या मांडून? २०० लिटरची दोन पिंपं लागतात, एक आरओच्या पाण्याचं आणि एक मिठाचं. ती कॅबिनेटमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवता ते सांगा.

स्किमर (फेसातून घाण कपात काढणारं यंत्र) ६० सेंमी उंच, कप उचलून काढायला वर आणखी २० सेंमी. कॅबिनेटचा आडवा पट्टा नेमका तिथेच येतो. कप काढायला मनगट वाकडं करावं लागलं की दोन दिवसांचं काम दहा दिवसांवर जातं.

आणि वीज गेल्यावर? पंप थांबतो नि पाणी उलटं संपात उतरतं. या टँकची पातळी १ सेंमी उतरली की २१.६ लिटर खाली येतं. रिटर्नचं (संपातून वर येणाऱ्या पाइपाचं) नोझल ५ सेंमी बुडवून ठेवलंत तर १०८ लिटर संपात. एवढी जागा संपात रिकामी आहे का? 'चेक व्हॉल्व्ह (उलटं पाणी अडवणारी झडप) लावलाय' हे उत्तर नको. स्वतःभोवती चुन्याची नळी बांधणारे किडे झडपेवर बसले की ती बंद होत नाही. नोझल पृष्ठभागालगत ठेवा, पंप बंद करा, आणि पाणी कुठवर चढतं तिथे संपाच्या काचेवर रेघ मारा. खरा उपाय एवढाच.

काचवेडा:
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

पिंपं मोजलीत, वजन मोजलंत का? १९ मिमी काच सुमारे ३४० किलो, पाणी साडेसोळाशे, दगड नि स्टँड धरून सव्वादोन टनांच्या वर. तेही २.१६ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला हजार किलोच्या पुढे. घरातला स्लॅब साधारण २०० किलोच्या हिशेबाने बांधतात. त्यात तुम्ही शेजारच्या खोलीत आणखी अर्धा टन ठेवताय. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शब्द तुमच्या पोस्टमध्ये नाही. आधी कळस मग पाया.

दुसरं, टँकमधून शेजारच्या खोलीतल्या संपाकडे जाणारे लांब आडवे ड्रेन. हवा अडकते, गुडगुड थांबत नाही. तिसरं आणि मुख्य: कॅबिनेटमधली गळती पायाला ओली लागते. दार लावलेल्या खोलीतली कधी कळणार? जे डोळ्यांसमोर असतं त्याकडेच लक्ष जातं. खोली बांधून तुम्ही फक्त पसारा लपवता.

संपवाला:
वजनाचं मान्य, तो मुद्दा राहिला. तळमजला नसेल तर टँक भिंतीलगत, बीमना आडवा, आणि इंजिनिअरच्या सहीशिवाय काच मागवायचीच नाही. झालं समाधान?

ड्रेनचं मात्र मान्य नाही. गुडगुड लांबीमुळे होत नाही, पाइपात हवा नि पाणी भांडतात म्हणून होते. तीन पाइप घाला. पहिला पूर्ण भरलेला सायफन, त्यावर गेट व्हॉल्व्ह (बॉल व्हॉल्व्ह नको, त्यात बारीक फरक साधत नाही). दुसऱ्यातून नुसती धार. तिसरा कोरडा, आणीबाणीचा. ९० अंशांच्या एल्बोऐवजी ४५ चे दोन, आणि सतत उतार. सायफनचं तोंड संपात २-३ सेंमीच बुडवा, जास्त बुडालं तर सुरू होताना हवा बाहेर पडत नाही. टर्बो गोगलगाय पाइपात शिरून बसली की त्या दिवशी तिसरा पाइप कामाला येतो. तो कोरडा नसेल तर ओव्हरफ्लो थेट फरशीवर.

गळतीसाठी जमिनीला नहाणी ट्रॅपकडे १०० ला १ उतार, भिंतीवर १५ सेंमीपर्यंत वॉटरप्रूफिंग, दाराला उंबरा. ट्रॅप सुकून वास येतो म्हणाल, तर आरओचं वाया जाणारं पाणी त्यातच सोडा.

दमट_भिंत:
दोघेही पाइपात अडकलात. पाइप गळेल तेव्हा गळेल. रोज न चुकता जे पाणी हवेत जातं त्याचं काय?

एवढ्या टँकचं नि संपाचं दिवसाला २० लिटर तरी उडतं, म्हणजे तासाला ८३० ग्रॅम. बंद खोलीत ते भिंतीत जातं. जिप्सम बोर्ड फुगतो, रंगामागे काळी बुरशी धरते, स्टीलची बिजागरीसुद्धा गंजते. खोली बांधायची तर सिमेंट बोर्ड, प्लास्टिकचं दार, आणि विजेचा बोर्ड संपाच्या वर नव्हे, समोरच्या भिंतीवर. यातलं कोणी बोलत नाही, कारण आर्द्रतेचा फोटो येत नाही.

उपाय स्वस्त आहे: एक्झॉस्ट पंखा नि ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता बघून पंखा चालू-बंद करणारा). आत २५ अंश नि ६० टक्के, म्हणजे घनमीटरला १४ ग्रॅम वाफ. बाहेर १० अंश नि ७० टक्के, साडेसहा ग्रॅम. तासाला ११०-१२० घनमीटर हवा बदलली की काम झालं. १५० मिमीच्या पंख्याला हे काहीच नाही.

अ‍ॅक्रोपोटी_कायपण:
आणि बाहेर २७ अंश नि ८५ टक्के असेल तेव्हा? ती हवा घनमीटरला २२ ग्रॅम वाफ घेऊन येते. तुमचा पंखा खोली वाळवत नाही, भिजवतो! सोयीचा ऋतू निवडून गणित मांडायचं हा कुठला प्रामाणिकपणा? डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ काढणारं यंत्र) घ्या, बाहेर काही का असेना.

दमट_भिंत:
घ्या की. डब्यावर '२० लिटर' लिहिलेलं असतं ते बहुधा ३० अंश नि ८० टक्क्यांचं. २५ नि ६० ला त्याच्या निम्मं काढलं तरी नशीब. म्हणजे दोन यंत्रं.

आता उष्णता. २० लिटर उडताना पाण्यातून साडेतेरा युनिट उष्णता नेतात. टँक फुकटात थंड राहतो तो त्यामुळेच. तुमचं यंत्र त्याच वाफेचं पाणी करतं नि ते साडेतेरा युनिट खोलीत परत सोडतं, वर काँप्रेसरची वीज. खोली तापली की चिलर (टँकचं पाणी थंड करणारं यंत्र) आणणार, आणि चिलर आपली गरमी त्याच खोलीत टाकणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शिवाय पीएच. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, स्किमर तीच हवा ओढतो, पीएच ७.८ वर अडकतो. मग तो शोषणारा सोडा लाइमचा डबा लावा, तो संपला की दुसरा. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढायला काय जातं?

अ‍ॅक्रोपोटी_कायपण:
भाषण उत्तम. दमट दिवसांचं उत्तर अजून आलेलं नाही.

दमट_भिंत:
बरं बाबा, तेवढे दिवस पंखा बंद आणि यंत्र चालू. दोन सेन्सर, एक आत नि एक बाहेर, टक्के नव्हे, ग्रॅम तपासून पंखा चालवायचा. खूश?

आणखी एक, फुकट सांगतो. टॉप-अपमध्ये (उडालेल्या पाण्याच्या भरपाईत) चुन्याची निवळी देत असाल तर २० लिटर संपृक्त निवळी १८०० लिटरला रोज सव्वा डीकेएच देते (केएच म्हणजे अल्कलिनिटी, कोरल ती सांगाड्यासाठी वापरतं). कोरलची भूक २ असेल तर उरलेल्यासाठी सोडा अ‍ॅश २५ ग्रॅम. दमट दिवसांत बाष्पीभवन १० लिटरवर आलं की निवळीही निम्मी होते, आणि लोक म्हणतात 'केएच का घसरली कळत नाही'. हवेकडे बघा.

मीठमोजणी:
धागा टँक नि खोलीचा होता ना? हवामान खातं कधी उघडलं?

निवळीचा विषय निघालाच आहे तर, टॉप-अपचा फ्लोट स्विच (पातळी बघून पंप बंद करणारा) अडकला नि ५० लिटर निवळी एका रात्रीत गेली तर क्षारता (मिठाचं प्रमाण, हजारी) फक्त ३५ वरून ३४ होईल, मासे जगतील. पण केएच तीनने चढेल, पीएच त्याहून वाईट, सकाळी संपात पांढरा गाळ. म्हणून टॉप-अपची टाकी लहान, पंप टायमरवर, आणि एक सेन्सर वरच्या पातळीला. आरओची लाइन थेट संपाला जोडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

क्वारंटाइन_शिवाय_नाही:
एवढी मोठी चर्चा, आणि क्वारंटाइन टँक कुठे ठेवणार हे एकानेही लिहिलं नाही! त्याच फिश रूममध्ये, कारण 'तिथे पाणी नि ड्रेन आहेच'. अ‍ॅमायलूडिनियम हा माशांचा परजीवी तुषारांवर बसून हवेतून जातो. प्रयोगात स्थिर हवेत अर्धा मीटरही गेला नाही, हवा खेळती असताना ३ मीटरपर्यंत पोचला. आणि तुम्ही खोलीत पंखा लावताय. त्याच जाळीने दोन्हीकडचे मासे काढता ते वेगळंच. तांब्याचं औषध घातलेला टँक, त्याची जाळी, त्याची नळी, सगळं दुसऱ्या खोलीत. मुख्य टँकमध्ये एकदा क्रिप्टोकॅरियन (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी) शिरला की सगळे मासे बाहेर काढून ७६ दिवस रिकामा ठेवायचा. २४० सेंमीच्या टँकमधून, दगडांच्या आडून, टँगसारखा चपळ मासा पकडून दाखवा.

काचवेडा:
वा. म्हणजे आता एक खोली पुरत नाही, दोन हव्यात.

ठीक आहे, कॅबिनेटमध्ये पिंपं बसत नाहीत हे मान्य. पाणी बदलायला जागा हवी हेही. पण लक्ष राहत नाही हा मुद्दा कोणी खोडला नाही. जमिनीवर गळतीचे सेन्सर, त्यांचा भोंगा खोलीबाहेर, आणि दाराला काच. संपाची रेघ बाहेरून दिसली पाहिजे. एवढं करणार असाल तर बांधा चैनीची खोली.

आणि दोन वेगवेगळे सर्किट, प्रत्येकाला वीज गळली की पडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर. अर्धे हीटर नि एक रिटर्न पंप एकावर, बाकीचं दुसऱ्यावर. सगळं एकावर टाकलंत आणि एक हीटर तडकून ब्रेकर पडला, तर सकाळपर्यंत पंपही बंद, मासे पृष्ठभागावर तोंड काढून.

संपवाला:
काचेचं दार चांगलं आहे. आधी सुचायला हवं होतं.

दमट_भिंत:
काचेवर पाणी धरलेलं दिसलं की समजा पंखा कमी पडतोय. आणि हवा आत यायची जाळी विसरू नका, पंख्याच्या समोरच्या भिंतीत, खाली. जाळी नसेल तर पंखा मिळेल तिथून हवा ओढतो, घरात गॅसवरचा गीझर असेल तर त्याच्या धुराड्यातूनसुद्धा.