बदलापूरचा टू बीएचके, डोंबिवलीचा जुना वन बीएचके की विरार? (बजेट ६० लाख)

पाचवा_डबा:

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला भाड्याने राहतो. मी, बायको, साडेतीन वर्षांची मुलगी आणि वर्षातले सहा महिने आई. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यामुळे मार्चअखेर जागा सोडायची आहे. अकरा महिन्यांचा करार परत कुठेतरी नव्याने करायचा आता खरंच वीट आलाय, म्हणून घेऊनच टाकू म्हणतो. सगळं धरून बजेट ६० लाख. माझं ऑफिस लोअर परळला, बायकोचं ऐरोलीला.

चार रविवार फिरून तीन घरं बाजूला काढली आहेत.

बदलापूर पूर्व, अंबरनाथच्या अंगाला. नवा टॉवर, चौदावा मजला, टू बीएचके, ६१० कार्पेट, ४९ लाख अधिक वरखर्च. ताबा दोन वर्षांनी. एजंट म्हणतो चिखलोली स्टेशन झालं की चालत पाच मिनिटं.

डोंबिवली पूर्व. १९९४ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके, ४२० कार्पेट, ५२ लाख. स्टेशन आठ मिनिटं, हे मी स्वतः घड्याळ लावून चाललोय.

विरार पश्चिम. तयार टू बीएचके, ५४ लाख.

मी एक्सेल शीट केली आहे. चौरस फुटाचा भाव, हप्ता, माझा प्रवास, शाळेचं अंतर, वगैरे. त्यात बदलापूर बऱ्याच गुणांनी पुढे आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये मी पलंगावर आडवा होऊन पाहिलं तर पाय घोट्यापासून बाहेर. म्हणजे खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड करून ठेवलाय. तरीही खोल्या दोन आहेत, आई आली तर तिला स्वतंत्र खोली मिळेल.

बायकोला विचारलं तर ती "बघू" म्हणते. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पण का नाही, ते सांगत नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

विरारचा_वाघ:

जन्म विरारचा, त्यामुळे विरारबद्दल वाईट बोलणार नाही. सूर्या धरणाचं जादा पाणी आल्यापासून टँकर तरी कमी झालेत. पण दादा, वहिनी ऐरोलीला जाणार असतील तर विरार यादीतून आत्ताच खोडा. गाडीने जायचं तर विरार ते दादर, दादर ते ठाणे, ठाणे ते ऐरोली. रस्त्याने जायचं तर घोडबंदर, त्यावर मी काही बोलत नाही. नकाशात वसई-दिवा मार्ग दिसेल आणि तुम्हाला वाटेल वा, सरळ आहे की. त्या मार्गावर दिवसाच्या गाड्या बोटांवर मोजता येतात. तुम्ही एकटे असता तर लोअर परळसाठी विरारसारखी जागा नाही, एकाच लाइनवर पोचलात. आमच्या गाडीत शिरता येणं हा वेगळा विषय.

खिडकीवाली:

तुमच्या शीटमध्ये "माझा प्रवास" असा रकाना आहे. बायकोच्या प्रवासाचा रकाना तुम्ही सांगितला नाहीत, आणि ते "वगैरे"त असेल असं मला वाटत नाही. "बघू"चं कारण बहुतेक तिथेच आहे.

मी २००९ पासून बदलापूरला राहते. घराबद्दल तक्रार शून्य. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसतो. इथल्या पावसाचा पहिला आठवडा मुंबईतल्या कुठल्याही बाल्कनीत मिळणार नाही. सकाळी बदलापूरहून सुटणारी गाडी पकडली तर बसायला मिळतं, कर्जत-खोपोलीहून येणारी मात्र भरूनच येते. हे सगळं मान्य करून पुढचं लिहिते.

मुलगा लहान असताना माझं ऑफिस दादरला होतं, सुटायचं सहाला. पाळणाघर साडेसातपर्यंत. गाडी अगदी वेळेवर असली तरी पाळणाघराच्या दारात पोचायला सात चाळीस. म्हणजे दहा मिनिटांचा उशीर रोजचाच. काकू चांगल्या होत्या, पण त्यांनाही घर होतं. शटर अर्ध खाली ओढलेलं, पोरगा बूट घालून, दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेला. एकदा दिव्याच्या पुढे गाडी पाऊण तास उभी राहिली. मी पोचले तेव्हा सव्वाआठ होऊन गेले होते. मला वाटलं रडत असेल. तो म्हणाला, "आज कुठे थांबली होती?" चार वर्षांच्या पोराला कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर ओळीने पाठ होतं, कारण आई रोज त्यातल्या कुठल्यातरी नावावरून फोन करायची.

तर मी विचारते, तुमच्या मुलीला संध्याकाळी कोण आणणार? आई सहाच महिने असतात. उरलेले सहा महिने जो आणणार त्याच्या परतीच्या प्रवासावर घर ठरवा. चौरस फुटाचा भाव नंतर.

आता ऐरोलीहून परत येण्याचं गणित. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथे जिना चढून पूल, आणि मग कल्याणच्या दिशेची गाडी. डोंबिवलीला जायचं असेल तर कल्याण, टिटवाळा, आसनगाव, कसारा, अंबरनाथ, बदलापूर, समोर येईल ती बहुतेक गाडी चालते. बदलापूरला तसं नाही. कल्याणच्या पुढे लाइन फुटते, एक फाटा कसाऱ्याला, एक कर्जतला. आपल्याला कर्जतच्या फाट्यावरचीच हवी, आणि त्यातही अंबरनाथला संपणारी नको. ती एक गाडी ठाण्याला लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नाही म्हणून सोडली, की पुढचीसाठी ताटकळत उभं राहायचं. हा फरक रविवारी कळत नाही.

एजंट तुम्हाला कळवा-ऐरोली जोडमार्गही सांगेल, म्हणजे ठाण्याला न उतरता थेट नवी मुंबई. त्यातलं दिघा स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. खरा उपयोगाचा जो उन्नत मार्ग, तो झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकून बसलाय. चिखलोली स्टेशन आणि कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन यांची कामं चालू आहेत, होतीलही. पण झाल्यावर त्याचे पैसे द्या, आजच्या भावात आगाऊ देऊ नका.

आणि उल्हास नदी. २००५, २०१९, २०२१, तीनदा पाणी आलं. पश्चिमेला घर बघाल तर नगरपालिकेत पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचं घर पूर्वेला उंचावर आहे, तिथे पाणी येणार नाही. पण रूळ उंचावर नाहीत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, आठवत असेल. त्या दिवशी आम्ही चौथ्या मजल्यावर कोरडे आणि अडकलेले.

एक काम करा. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी, ऑफिसची बॅग पाठीला लावून, ऐरोलीहून सहा वाजता निघा. एक दिवस बदलापूरला जा, एक दिवस डोंबिवलीला. आणि यादीत कळवा का नाही हेही सांगा.

कुळगाव_बदलापूर:

ताई, प्रत्येक धाग्यावर बदलापूरची हीच कैफियत ऐकून कंटाळा आला. मी अंबरनाथ एमआयडीसीत कामाला आहे, घरून दुचाकीने वीस मिनिटं. दोन बेडरूम, गॅलरीत कुंड्या, मुलांची शाळा चालत. ज्याचं काम इकडे आहे त्याने मुंबईकडे तोंड करून हिशोब का मांडायचा? (प्रश्नकर्त्याचं काम इकडे नाही, हे मान्य.)

सचिव_बी_विंग:

डोंबिवलीतल्या ४२ फ्लॅटच्या सोसायटीचा नऊ वर्षं सचिव आहे. जागेबद्दल बोलत नाही, कागदांबद्दल बोलतो.

१९९४ ची इमारत म्हणजे तिशी उलटली. तीस वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं आहे. अहवाल मागा. "करायचाय" असं उत्तर आलं तर दुरुस्तीची वर्गणी तुमच्या गळ्यात पडणार हे धरून भाव करा. कन्व्हेयन्स झालंय का विचारा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डर किंवा मूळ मालकाच्या. पुनर्विकासाचं गाजर प्रत्येक एजंट दाखवतो, पण कन्व्हेयन्स नसेल तर ते गाजर बरंच लांब आहे. शेअर सर्टिफिकेट मूळ बघा, झेरॉक्स नको. हस्तांतरण प्रीमियम म्हणून सोसायटी २५ हजारांपेक्षा जास्त मागू शकत नाही. मागतात, "देणगी" म्हणून. पावती मागितली की आवाज खाली येतो.

आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही, आई सहा महिने. तुम्ही स्टेशनचं अंतर घड्याळ लावून मोजलंत, जिना नाही मोजलात.

नव्या इमारतीचं घ्यायचं झालं तर "महारेराचा नंबर आहे" (म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाकडे नोंदणी आहे) एवढ्यावर विसंबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेची खोटी परवानगी जोडून महारेराचे नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात राहायला आलेल्यांची कर्जं चालू होती. म्हणून सीसीची, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि तो जावक क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा. अर्धा दिवस जातो. पालिकेत आत-बाहेर होत आलेल्या २७ गावांतली इमारत असेल तर दोन दिवस घाला.

करारनामा नोंदणी होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांवर एक रुपया देऊ नका, तसा मागायचा बिल्डरला अधिकारच नाही. आणि ४५ लाखांवरच्या बांधकाम चालू असलेल्या घराला पाच टक्के जीएसटी लागतो, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आलेल्या किंवा जुन्या घराला लागत नाही. तुमच्या ४९ मध्ये तो धरलाय का? एजंटच्या "वरखर्च" या शब्दात बरंच काही मावतं. घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तुमचं नाव जोडलं की ती सूट गेली.

पाचवा_डबा:

उशिरा उत्तर देतोय, माफ करा. खिडकीवाली ताई, शीट उघडून पाहिली. रकाना नव्हता.

मंगळवारी हाफ डे टाकून ऐरोलीला गेलो, बायकोबरोबर तिच्या वेळेला निघालो. ठाण्याला दहा नंबरवर उतरलो तेव्हा तिने बॅग पाठीवरून पुढे घेतली, ओढणी पट्ट्याखाली खोचली आणि मला म्हणाली, "आता माझ्या मागे राहू नकोस, बाजूला राहा, नाहीतर जिन्यावर आपण दोघं अडकू." तिला हे सगळं कसं माहीत विचारलं. भांडुपला जायलाही ती रोज ठाण्यालाच गाडी बदलते. हे मला माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. बदलापूर गाडी आली, ती लेडीजकडे गेली, मी जनरलकडे. मी चढलो. गाडी सुटताना ती फलाटावरच दिसली. मी पुढे डोंबिवलीला उतरून परत फिरलो. बदलापूरपर्यंत जायची गरजच उरली नाही. एजंटला फोन करून नाही सांगितलं. जीएसटी ४९ मध्ये धरलेला नव्हता, हेही त्याच फोनवर कळलं.

डोंबिवलीचा जिना आईला चढवून पाहिला. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि "केवढी हवा आहे इथे" म्हणत खिडकीत उभी राहिली. दम लागल्यावर ती असंच काहीतरी बोलते.

कळवा यादीत का नाही? खरं कारण सांगतो. तिथे फास्ट गाडी थांबत नाही आणि सकाळी स्लो गाडीत शिरता येत नाही, म्हणजे माझे हाल. आता कळव्यातच खारेगावला एक वन बीएचके बघितलाय. ४०५ कार्पेट, २००६ ची इमारत, लिफ्ट आहे, ५८ लाख सांगतात. आईला स्वतंत्र खोली नाही. हॉलमध्ये पार्टिशन होईल का ते बघतोय. बायको या वेळी "बघू" म्हणाली नाही, तिने थेट खालच्या पाळणाघराची वेळ विचारली. आठपर्यंत आहे.

सचिव साहेब, मालकाकडे ओसी नाही. "सोसायटीकडे असेल" म्हणतात. कुठे विचारू?

सचिव_बी_विंग:

सोसायटीकडे पत्र देऊन मागा. नाही मिळाली तर ठाणे पालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा. ओसी हातात येईपर्यंत टोकन देऊ नका, मालक कितीही घाई करो. कळव्यात तर अजिबात नाही.

खिडकीवाली:

ऐरोलीहून खारेगावला किती वेळ लागला ते लिहिलं नाहीत.

पाचवा_डबा:

काल संध्याकाळी ती एकटीच जाऊन आली. बसने कळवा नाका, पुढे शेअर रिक्षा. पन्नास मिनिटं, त्यातली पंधरा विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली. पावसात तिथे पाणी साचतं म्हणे, रिक्षावाल्यानेच सांगितलं.