सुतारी हत्यारं: गंज काढायचा, झिलई ठेवायची

रविवारकारंजा
जुन्या नाशकातल्या वाड्यातली सुतारी पेटी साफ करायची आहे. दोन लाकडी रंधे, पाच पटाश्या, लाकूड तासायचा वाकस, भोकं पाडायचं गिरमिट, करवत. गंज वरवरचा, तांबूस. मुठी हात लागून लागून काळ्या, गुळगुळीत झाल्यात. त्या तशाच हव्यात. एका पटाशीवर 'कास्ट स्टील' असा शिक्का आहे, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) का? आणि ही हत्यारं भिंतीवर मांडली तर चालतील? भिंत विटा-मातीची आहे, पावसाळ्यात ओल धरते.

पाचर
बीड नव्हे! बीडाची पटाशी चार ठोक्यांत तुटेल. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डला मुशीत वितळवून पोलाद करू लागले, त्याचं हे नाव. म्हणूनच मशीनचा तारेचा ब्रश लावू नका, पहिला शिक्काच जातो.

शिवणयंत्राचं तेल लावून तासभर ठेवा, मग ४०० नंबरचा वॉटरपेपर फक्त गंजावर, पात्याच्या लांबीच्या दिशेने. व्हिनेगर लावायचंच तर दोन-तीन तास. रात्रभर ठेवलं की पोलाद काळवंडतं, खरवडतं. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा.

रंध्याचं पातं कडेने बघा. जुनं असेल तर बहुधा मऊ लोखंडावर पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते, घासल्यावर सांध्याची रेघ उमटते. पेटीतली सगळ्यात देखणी गोष्ट तीच. धार दगडावरच लावा, २५ अंशाला. ग्राइंडरवर निळी झाक आली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय धार टिकत नाही.

जवस
मुठीला सँडपेपर नको. टर्पेंटाइनच्या फडक्याने मळ पुसा, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि १५ मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या कापडाने टिपा. जाड थर चिकट राहतो. ते फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतं. पसरून वाळवा.

पात्याला खोबरेल लावायची सवय असेल तर सोडा. नाशिकच्या थंडीत ते थिजतं आणि पुढे खवट होतं.

रविवारकारंजा
आणि मांडणी?

पाचर
फळी थेट भिंतीला ठोकू नका. मागे इंचभर जाडीच्या दोन उभ्या पट्ट्या द्या, वारा खेळला पाहिजे. पटाश्यांना भोकांची पट्टी, धार खाली आणि झाकलेली. करवतीच्या दातांवर उभा चिरलेला पीव्हीसी पाइप. चामड्याची म्यानं दिसतात छान, पण ओल धरून ठेवतात. जून ते सप्टेंबर तर नकोच.

रंधे टांगू नका, फळीवर आडवे ठेवा आणि पातं घट्ट धरणारी लाकडी पाचर सैल करा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ठोकळा आकसतो, पातं आकसत नाही. पाचर घट्ट राहिली तर ठोकळ्याला पात्याच्या बाजूने चीर जाते, आणि ती सरसाने भरत नाही.

जवस
पेटीतच ठेवणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास. पुडी प्लास्टिकची असेल तर आधी खडे स्टीलच्या ताटलीत काढा.