मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्डची मेमरी गेली की मुख्य चिप?

पीसी सुरू केला की थेट बायोसच्या स्क्रीनवरच गुलाबी-हिरवे ठिपके दिसतात, ठरावीक अंतरावर उभ्या ओळींत. विंडोजमध्ये साधं काम कसंबसं चालतं, पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावलं की स्क्रीन काळी होते आणि ड्रायव्हर रीस्टार्ट होतो.

कार्ड 8 जीबीचं, वॉरंटी संपलेली. सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर) ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. केबल, मॉनिटर, पोर्ट बदलून पाहिले. धूळ साफ केली, थर्मल पेस्ट बदलली. लोडवरही तापमान 70 अंशांच्या आतच असतं. मित्राच्या पीसीत लावलं तरी तेच ठिपके, म्हणजे माझा पॉवर सप्लाय यातून सुटला. त्याचं कार्ड माझ्याकडे व्यवस्थित चालतं.

एक गोष्ट मात्र लक्षात आली: आफ्टरबर्नरमध्ये (कार्डचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) मेमरी क्लॉक, म्हणजे मेमरीचा वेग, 500 मेगाहर्ट्झने कमी केला की ठिपके बरेच घटतात. कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) कमी करून काहीच फरक पडत नाही.

कार्ड ओव्हनमध्ये किंवा हीट गनने तापवायचा सल्ला कृपया नको, तो तात्पुरता इलाज आहे. माझ्या प्रोसेसरमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड दुरुस्तीला दिलं की पीसी बंदच.

एवढ्यावरून व्हीरॅमचीच (कार्डच्या मेमरीचीच) चिप खराब आहे असं धरायचं का? आणि नेमकी कोणती, हे दुकानात देण्याआधी घरी कोणत्या टेस्टने कळेल?