आयोडीन महाग, तरी का वापरायचं?

बेंझिनसारख्या कार्बन वलयाला क्लोरीन जोडलेली क्लोरो संयुगं स्वस्त असताना आयोडीन जोडलेल्या आयोडो संयुगांच्या भानगडीत कशाला पडायचं, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर बंधात आहे. आयोडोबेंझिनमधला कार्बन-आयोडीन बंध तोडायला मोलमागे साधारण २७० किलोज्यूल लागतात, क्लोरोबेंझिनमध्ये सुमारे ४००. म्हणूनच पॅलेडियम उत्प्रेरक वापरून कार्बनला कार्बन जोडणाऱ्या हेक किंवा सुझुकी अभिक्रियेत आयोडो संयुग सौम्य तापमानालाही चालतं.

बनवताना मात्र नुसतं बेंझिन आणि आयोडीन एकत्र करून भागत नाही. तयार होणारं हायड्रोजन आयोडाइड अभिक्रिया उलटी फिरवतं. सोबत नायट्रिक आम्लासारखा ऑक्सिडीकारक हवा, तो आयोडाइडचं पुन्हा आयोडीन करतो. वलयावर नायट्रोजनचा गट असलेलं अमाइन हाताशी असेल तर त्याचा डायझोनियम क्षार (वलयाला नायट्रोजन अणूंची जोडी लागलेला अस्थिर क्षार) करून पोटॅशियम आयोडाइड घालायचं. क्लोरो-ब्रोमोसाठी लागणारा तांब्याचा क्षार इथे लागत नाही. (ही पायरी मला फार देखणी वाटते. पण कोरडे डायझोनियम क्षार स्फोट घडवू शकतात, ते थंड द्रावणातच ठेवा.)

खरी अडचण वजनाची. २०४ ग्रॅम आयोडोबेंझिनमध्ये १२७ ग्रॅम आयोडीन, आणि जोडणी झाली की ते सगळं आयोडाइड होऊन सांडपाण्यात. ते परत मिळवण्याची सोय नसेल तर ब्रोमीनवालं ब्रोमो संयुगच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्ष-किरण तपासणीत शरीराचे भाग ठळक दिसावेत म्हणून देतात त्या कॉन्ट्रास्ट औषधांचं गणित वेगळं. अशाच एका औषधाच्या, आयोहेक्सॉलच्या, बेंझिन वलयावर तीन आयोडीन अणू असतात, वजनाच्या सुमारे ४६ टक्के. तिथे जड अणूच हवा, कारण क्ष-किरण तोच अडवतो. क्लोरीनने ते काम होणार नाही.