मदत हवी आहे: जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतोय, दिवा लागतो पण पुढची चाकं ओढत नाहीत

नमस्कार मंडळी,

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यायचं कित्येक वर्षं मनात आहे. आता खिशाला परवडेल अशी एक गाडी समोर आली आहे आणि घ्यायची की सोडायची, हे शनिवारपर्यंत सांगायचं आहे. जाणकारांनी मदत करावी.

गाडी २५ वर्षांपेक्षा जुनी. वेगळी चासी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा), डिझेल इंजिन, ५ गिअर, पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. फोर-व्हील पार्ट-टाइम, म्हणजे टू-एच (फक्त मागची चाकं), फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), फोर-एल (चारही चाकं, कमी वेग जास्त जोर) असा छोटा लिव्हर. पुढचे हब, म्हणजे चाक शाफ्टला जोडणारे कुलूपवजा भाग, ऑटोमॅटिक. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. गाडी अजून माझी नाही, आणि माझ्या लिहिण्याने मालकाचा व्यवहार अडायला नको.

मालक म्हणाले, "फोर-व्हील कधी वापरलंच नाही, सगळं नव्यासारखं आहे." ऐकून बरं वाटलं. लिव्हर टाकला, जरा जड गेला पण पडला. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला. मग तिथल्या तिथे डांबरावर स्टिअरिंग पूर्ण वळवून एक छोटा फेरा मारला. गाडी लोण्यासारखी फिरली, कुठे अडली नाही, कसला आवाज नाही. मी खूश.

घरी आल्यावर विचार करत बसलो आणि तीच गोष्ट खटकायला लागली. पार्ट-टाइममध्ये मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारे दांडे) एकमेकांना बांधलेले असतात. मातीत चाकं घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. म्हणजे गाडीने अडायला हवं होतं, स्टिअरिंग जड व्हायला हवं होतं. १९७०च्या पहिल्या रेंज रोव्हरला मधला डिफरन्शियल होता, १९९१च्या पजेरोच्या सुपर सिलेक्ट नावाच्या फोर-व्हीललाही आहे. त्या गाड्या डांबरावर चारही चाकं ओढत आरामात वळतात. पण ही तसली नाही. मग ही का वळली?

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मालक भले गृहस्थ, कटकट न करता किल्ली दिली. मागे चिखलाचा एक चढ आहे, तिथे फोर-एच टाकून हळू चढवली. मित्राला बाजूला उभं करून चाकांकडे बघायला सांगितलं होतं. मागची दोन्ही चाकं जागेवर फिरून चिखल उडवत होती आणि पुढची दोन्ही स्तब्ध. दिवा मात्र लागलेलाच. एक चाक ओढत नसतं तर समजलो असतो, दोन्ही कशी बंद? ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) गेली असेल का? ती उघडायची म्हणजे माझं सगळं बजेट तिथेच संपेल.

इंजिनाबद्दल थोडक्यात. दोन्ही वेळा मी पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं, त्यामुळे थंडीतलं पहिलं स्टार्ट बघायला मिळालं नाही. गरम असताना धूर साधारण वाटला. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकांना आठवत नाही, म्हणजे बदललेला नाही असंच मी धरतो.

चासीची मात्र खरी काळजी आहे. गाडीखाली झोपून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. पुढे सगळीकडे खणखणीत आवाज. मागे डाव्या बाजूला, पाट्याचं पुढचं टोक जिथे धरलंय त्याच्या थोडं पुढे, आवाज एकदम बद्द. तेवढ्याच वीतभर जागेवर नवा काळा रंग आहे. टोकाने खरवडलं तर रंगाबरोबर लोखंडाचे पापुद्रे निघाले, पण टोक आत घुसलं नाही.

एवढं असूनही मन निघत नाही. त्याच चढाच्या खाली, सपाट कडक मातीवर, फोर-एलमध्ये पहिला गिअर टाकून दोन्ही पाय पायडलवरून काढले. गाडी माणसाच्या चालीने, अगदी शांत पुढे सरकत राहिली. तेव्हापासून डोक्यात तीच आहे. तर प्रश्न असे: पुढची चाकं का ओढत नाहीत हे काही न उघडता कसं शोधू? आणि त्या जागेच्या गंजावर ठिगळ मारून चालेल का?

प्रतिसाद १

ट्रान्सफर केसवर इतक्यात आळ घेऊ नका. माझा संशय हबवर आहे, आणि तोही एकाच बाजूच्या.

पुढचा डिफरन्शियल साधा असेल तर तो जोर सोप्या वाटेला सोडतो. एका बाजूचा हब लॉक झाला नाही की त्या बाजूचा हाफ शाफ्ट नुसता गरगर फिरतो आणि दुसऱ्या चाकालाही काही मिळत नाही. म्हणून एक हब बिघडला तरी दोन्ही चाकं मेल्यासारखी. दिव्याचा स्विच बऱ्याच गाड्यांत ट्रान्सफर केसवर असतो, हबचं त्याला काहीच कळत नाही. आणि "कधी वापरलंच नाही" हेच कारण असण्याची शक्यता जास्त, आतलं ग्रीस घट्ट होऊन बसतं.

असं बघा. फोर-एच टाकून मातीवर सरळ थोडं पुढे जा, थांबा, रिव्हर्स अजिबात घेऊ नका, नाहीतर हब सुटतात. इंजिन बंद, लिव्हर फोर-एचमध्येच, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. फिरलंच नाही तर दोन्ही हब ठीक, मग ट्रान्सफर केसच्या आत बघावं लागेल असं नाही, पण चर्चा वेगळी होईल. फिरलं तर चाकामागचा शाफ्ट बघा. शाफ्ट स्थिर असेल तर याच बाजूचा हब गेला. शाफ्ट चाकाबरोबर फिरत असेल तर हा बरा आहे, पलीकडचा बिघडलाय. गाडीखाली मात्र शिरू नका, शाफ्ट बाहेरून वाकूनही दिसतो.

प्रतिसाद २

चासीच्या त्या जागेवर वरून ठिगळ नको. पाट्याचा सगळा भार तिथे येतो. पेटीसारख्या चासीत चिखल आत साचतो आणि लोखंड आतून सडतं, बाहेर दिसतं ते शेवटी. पाणी जायला भोकं असतात, त्यातून मोबाईलचा कॅमेरा आत घाला. आत धड लोखंड कुठपर्यंत आहे ते कळलं तर तेवढा भाग कापून जाड पत्रा नीट वेल्ड करता येतो. धड लोखंड पाट्याच्या ब्रॅकेटपर्यंत सापडलं नाही तर मी सोडली असती. टायरवरचा चार आकडी कोडही बघा, ०८१४ म्हणजे २०१४ सालचा आठवा आठवडा. आणि मालकांना आदल्या रात्रीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका", म्हणजे थंड इंजिनाचं स्टार्ट बघता येईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी जाऊन आलो. उजवं चाक उचललं, ते फिरलं आणि शाफ्टही त्याच्याबरोबर फिरला. जॅक डावीकडे नेला, तिथे चाक फिरलं आणि शाफ्ट जागचा हलला नाही. डावा हब! मालकांनाही खाली वाकून दाखवलं, त्यांनाही ते माहीत नव्हतं.

इंजिन या वेळी थंडगार होतं. इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझल्यावर चावी फिरवली, दुसऱ्या प्रयत्नाला लागलं, मिनिटभर पांढरा धूर, मग साफ. टायर चारही ०८१४पेक्षा जुने निघाले, ते बदलावेच लागतील.

कॅमेरा चासीत घातला. सडलेला भाग साधारण वीतभर, पण त्याच्या आणि ब्रॅकेटच्या मध्ये चार बोटं स्वच्छ लोखंड दिसतंय. वेल्डिंगला चार बोटं पुरतात का? आणि डावा हब खोलून धुऊन नवीन ग्रीस भरावं, की दोन्ही काढून हाताने फिरवायचे हब बसवावेत? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी शनिवारच्या आत जरूर लिहा.